तळटीप १७ : ‘क्यूटीएच वर्धा वर्धा, ७३’

१७. हौशी रेडिओचालकांचे, म्हणजे ‘हॅम’ मंडळींचे, हे संकेत. ‘क्यूटीएच’ म्हणजे ‘माझा मुक्काम’. क्यूने सुरू होणारे संकेत ब्रिटिश सरकारने १९०९च्या सुमारास जहाजांसाठी ठरवले. हौशी मंडळींनी ते उचलले. गावाचे नाव दोनदा आले आहे ती मुद्रणाची चूक नव्हे. खरखरीत एखादे अक्षर गळते, म्हणून तशी रीतच आहे. नावांच्या घोळाची वर्धेकरांना सवय होतीच : जवळच्या सेगावचे टपाल बुलढाण्याकडच्या शेगावला जाई, म्हणून १९४० मध्ये सेगावचे ‘सेवाग्राम’ झाले. ‘७३’ हा आकडा तारयंत्राच्या काळातला, अर्थ ‘सप्रेम नमस्कार’. वाचकाने तो सन समजू नये. मोर्समध्ये तो दोन दीर्घ, तीन ऱ्हस्व, पुन्हा तीन ऱ्हस्व, दोन दीर्घ असा येतो. उलटा ऐकला तरी तोच. पुढच्या परिच्छेदातले ‘क्यूएसएल’ म्हणजे ‘निरोप पोचला’. संभाषणाची पोच म्हणून टपालाने येणाऱ्या कार्डालाही हेच नाव. ‘व्हीयू’ने सुरू होणारे बोलचिन्ह भारतीय केंद्राचे.