विमानाची टाकी आणि माणसाची नजर

राइट बंधूंचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यांच्या विमानाच्या टाकीची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. १७ डिसेंबर १९०३ रोजी जे यंत्र उडाले, त्याची पेट्रोलची छोटी टाकी इंजिनाच्या वर एका खांबाला बांधलेली होती. पंप नव्हता. माळ्यावरच्या पिंपातले पाणी जसे आपल्या वजनाने खाली येते, तसे पेट्रोल इंजिनात उतरे. पुढे टाक्या पंखांत गेल्या, पंप आले, गाळण्या आल्या, टाकी बदलण्याचा कॉक आला. सोय वाढली आणि चुकण्याच्या जागाही वाढल्या. रस्त्यात मोटार बंद पडली तर उतरून ढकलता येते. आकाशात ती सवलत नाही!

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एका इंजिनाच्या पस मॉथ विमानाने मुंबईस जुहूला उतरले. वाटेत अहमदाबादेस त्यांचे पेट्रोल आले ते चक्क बैलगाडीतून, चार-चार गॅलनांच्या डब्यांत. अशा डब्यांच्या काळात मोठा शत्रू कोण? पाणी. पाणी पेट्रोलपेक्षा जड. ते तळाशी बसते आणि संधी मिळताच इंजिनाकडे जाते. म्हणून पेट्रोल मऊ शॅमॉय कातड्यातून गाळीत. पेट्रोल पार होई, पाणी वर राही.

डबे गेले, पण पाणी गेले नाही. अर्धवट रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरते. झाकण सैल असेल तर पाऊस शिरतो. यासाठी छोट्या विमानाचा वैमानिक उड्डाणापूर्वी टाकीच्या तळाची तोटी दाबून थोडे पेट्रोल काचेच्या नळीत घेतो व उजेडात धरतो. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. ते संपेपर्यंत काढीत राहायचे. येथे एक फसगत आहे. नळीत सगळेच पाणी आले तर थर दिसणार कोठून? म्हणून रंगही पाहावा लागतो. विमानाच्या पेट्रोलला मुद्दाम रंग देतात. शंभर नंबरचे कमी शिशाचे पेट्रोल निळे असते.

रंग पाहिला म्हणजे झाले काय? नाही. जेट विमानाचे तेल हे रॉकेलच्या जातीचे. ते निळ्या पेट्रोलमध्ये मिसळले तरी निळी झाक राहू शकते. कागदावर थेंब टाकला तर पेट्रोल उडून जाते, रॉकेलचा तेलकट डाग मात्र राहतो.

१९७८ साली अमेरिकेतील नामांकित वैमानिक बॉब हूव्हर यांच्या पेट्रोलवर चालणाऱ्या विमानात एका तरुण कामगाराने चुकून जेटचे तेल भरले. उड्डाण होताच दोन्ही इंजिने बंद पडली. हूव्हरनी विमान कसेबसे उतरविले. विमान मोडले, माणसे वाचली. परत आल्यावर त्यांनी त्या खचलेल्या पोराला सांगितले, की उद्या माझ्या दुसऱ्या विमानात पेट्रोल तूच भर. इतकेच करून ते थांबले नाहीत. जेटच्या तेलाच्या नळीला रुंद, चपटे तोंड असावे, म्हणजे ते पेट्रोलच्या टाकीच्या अरुंद तोंडात शिरणारच नाही, या सोयीचा त्यांनी पाठपुरावा केला. तिला त्यांचेच नाव मिळाले.

दुसरी हकीगत दुःखाची आहे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर यांचे छोटे विमान कॅलिफोर्नियात माँटेरेच्या उपसागरात कोसळले. मूळ आराखड्यात टाकी बदलण्याचा कॉक वैमानिकाच्या पुढ्यात होता. हे विमान बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे बसविला, त्यावर खुणाही नव्हत्या. तो फिरविण्यास जड जातो, हे उड्डाणापूर्वीच कळले होते. तेल थोडे आहे हेही दिसत होते. तरी आणखी भरले नाही. मागे वळून कॉक फिरविताना पायाखालचा सुकाणूचा दांडा दाबला गेला आणि ताबा सुटला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला.

दोन्ही ठिकाणी चूक जमिनीवरची, शिक्षा आकाशात. एकीने पुढच्या माणसांची वाट सुरक्षित केली, दुसरीने एक गोड गळा कायमचा हिरावला.

शिक्षकबंधूंनी बाटलीत पाणी व गोडे तेल घालून हा थर मुलांना अवश्य दाखवावा. आणि आपल्या शेतावरच्या इंजिनाची टाकी भरताना डब्याच्या तळाशी काय साचले आहे, हे आपणही उजेडात धरून पाहावे. वैमानिक तरी याहून वेगळे काय करतो?