चिंताशामक औषध सुटल्यानंतरचे दिवस

चिंताविकार आणि निद्रानाश यांवर दिली जाणारी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही औषधे बेन्झोडायझेपीन गटातील होत. मेंदूतील ‘गाबा’ या शामक रसायनाचा प्रभाव ती वाढवितात. दीर्घ सेवनाने मेंदू या आधाराला सरावतो. आधार निघताच चेतासंस्था अतिउत्तेजित होते. झोप उडणे, धडधड, कंप, कानांत गुणगुण, अंगाला मुंग्या, प्रकाश व आवाज असह्य होणे ही लक्षणे त्यातूनच उद्भवतात.

बहुतेकांत ती काही आठवड्यांत ओसरतात. काहींत मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतात. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १९८२ ते १९९४ या काळात ही औषधे सोडविण्याचे चिकित्सालय चालविणाऱ्या डॉ. हेदर अ‍ॅश्टन यांनी अशा रुग्णांचा तपशीलवार अभ्यास केला. ही लक्षणे लाटांप्रमाणे येतात. चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी पुन्हा उसळी. रुग्ण खचतो तो येथेच. मूळ आजार परतला, असे त्याला वाटते आणि जुनी गोळी हाती घेतली जाते. कानांतील गुणगुण, मुंग्या यांसारखी पूर्वी कधीच नसलेली लक्षणे औषध सुटल्याकडे बोट दाखवितात. तरी निदान वैद्यकानेच करावे, कारण थायरॉइडचे विकारही अशीच रूपे घेतात.

अधूनमधून एखादी गोळी घेणे टाळावे. मद्य तर कटाक्षाने वर्ज्य. तेही ‘गाबा’वरच कार्य करते. चहा-कॉफी कमी करावी, उठण्याची वेळ ठरलेली असावी, रोज चालावे. निद्रानाशासाठी बोधात्मक वर्तनोपचार उपयुक्त ठरतो. लक्षणांची आठवडावार नोंद ठेवल्यास, रोज न जाणवणारी सुधारणा महिन्याकाठी दिसते. ‘मनाचे खेळ आहेत’ हे घरच्यांचे वाक्य मात्र कोणत्याही लक्षणाइतकेच जाचक असते.

अद्याप औषध चालू असलेल्यांनी ते एकाएकी थांबवू नये. झटके येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. अमेरिकेतील २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मात्रा दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के घटवावी, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. भारतात २०१४ पासून यांपैकी अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी औषधे ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. तथापि एकच जुनी चिठ्ठी वर्षानुवर्षे चालते, हे उघड गुपित आहे.

गोव्यात बांबोळी येथील मनोरुग्णालयात मानसोपचार उपलब्ध आहेत. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक अहोरात्र चालू असतो. आत्मघाताचे विचार येत असल्यास त्याच घटकेला संपर्क साधावा.