हुंडी आणि स्पर्शाविना चालणारे कार्ड

लोणंदची पेठ कांद्याच्या व्यापाराने नावारूपाला आली. पेठ म्हटली की पैसा आला, आणि पैशामागोमाग चोराची भीती आली. आज ती भीती नवे रूप घेऊन उभी आहे. यंत्राजवळ नेताच पैसे देणारे कार्ड खिशात असताना, शेजारून जाणारा माणूस ते हवेतल्या हवेत लुटील काय? उत्तरासाठी आम्ही प्रथम हुंडीकडे वळतो.

पेशवाईत मोठ्या रकमा हुंडीने जात. जो दाखवील त्याला पैसे देणारी हुंडी वाटेत लुटली गेली की धनी बुडाला. शाहजोग हुंडीची रक्कम मात्र पेठेत पत असलेल्या सावकाराच्याच हाती पडे. हुंडी चोरीची निघाली तर जाब त्याला द्यावा लागे. कागद चोरीस जाणार हे गृहीत धरूनच, पैसा जेथे पोचतो ते टोक आपल्या सावकारांनी बांधून ठेवले होते.

कार्डातही हेच तत्त्व आहे. त्यात बॅटरी नसते. यंत्राच्या लहरींवरच, काही सेंटिमीटर अंतरात, ते जागे होते आणि प्रत्येक व्यवहाराला नवी सांकेतिक खूण देते. रक्कम जाते ती नोंदलेल्या व्यापाऱ्याच्या खात्यात. जून २०२२ मध्ये, गाडीची काच पुसणारा मुलगा मनगटावरील घड्याळाने फास्टॅगचे पैसे चोरतो, अशी चित्रफीत देशभर फिरली. राष्ट्रीय देयक महामंडळाने ती खोटी ठरविली, आणि कारणही तेच दिले: फास्टॅगचा पैसा नोंदलेल्या व्यापाऱ्याखेरीज कोणा व्यक्तीकडे जातच नाही.

तथापि निर्धास्त राहणेही बरे नव्हे. अशा कार्डाचा संदेश दुसऱ्या उपकरणाने दूर पोचविता येतो, हे केंब्रिजच्या गेऱ्हार्ड हँके यांनी २००५ मध्ये दाखविले. म्हणजे एक चोर आपल्या खिशाजवळ उभा राहील आणि दुसरा दूरच्या दुकानात माल उचलील. येथे दुकानदार प्रामाणिकच असतो. शाहजोगाचा बंदोबस्त अपुरा पडतो. म्हणूनच मर्यादा हवी. गुप्त अंकाविना २०१५ मध्ये २,००० रुपयांपर्यंत मुभा होती. १ जानेवारी २०२१ पासून ती ५,००० झाली. ही सोय बंद ठेवण्याचा अधिकारही रिझर्व्ह बँकेने कार्डधारकाला दिला आहे.

हरवलेले कार्ड मात्र कोणत्याही उपकरणाविना चालते. हुंडी गहाळ होताच जुना व्यापारी तडक पेढीवर वर्दी देई. आपणही बँकेला त्याच तातडीने कळविले पाहिजे, असे आम्हांस वाटते.