पॅरासिटामॉल विषबाधा

पॅरासिटामॉल विषबाधा म्हणजे पॅरासिटामॉल (अन्य नाव ॲसिटामिनोफेन) हे ताप उतरवणारे व वेदना शमवणारे औषध प्रमाणाबाहेर घेतल्याने मुख्यतः यकृताला होणारी इजा होय. योग्य मात्रेत हे औषध सुरक्षित मानले जाते. अतिमात्रेनंतर पहिल्या दिवशी रुग्ण बहुधा बरा दिसतो. उतारा मात्र त्याच काळात सर्वाधिक गुणकारी असतो. म्हणून लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

कारणे

प्रौढांसाठी २४ तासांतील कमाल मात्रा सामान्यतः ४ ग्रॅम आहे. कमी वजन, कुपोषण, यकृताचे विकार किंवा नियमित मद्यपान असल्यास ती याहून कमी ठेवतात. अनेक प्रसंगी अतिमात्रा अजाणता होते. तापाची गोळी, सर्दीची गोळी आणि अंगदुखीची गोळी यांची नावे वेगळी असली, तरी तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकते. लहान मुलांच्या औषधातही घोटाळा होतो. भारतात मिळणाऱ्या थेंबांच्या औषधात बहुधा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम, तर सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. सिरपच्या मापाने थेंब पाजल्यास मात्रा कित्येक पटींनी वाढते.

शरीरातील प्रक्रिया

यकृत या औषधाच्या बहुतांश भागाचे निरुपद्रवी संयुगांत रूपांतर करते. अल्प भागापासून एक विषारी घटक तयार होतो व यकृतातील ग्लुटाथायोन त्याला निष्प्रभ करते. अतिमात्रेत ग्लुटाथायोनचा साठा संपत जातो आणि विषारी घटक यकृतपेशींचा नाश करू लागतो.

लक्षणे

पहिल्या २४ तासांत मळमळ, उलटी, घाम किंवा थकवा जाणवतो. काहींना कोणताच त्रास होत नाही. २४ ते ७२ तासांत पोटाच्या उजव्या वरच्या भागात दुखू लागते व रक्तातील यकृत-विकरे वाढतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्तस्राव, संभ्रम व मूत्रपिंड निकामी होणे अशी गंभीर लक्षणे दिसू शकतात. या टप्प्यातून वाचलेल्या रुग्णाचे यकृत बहुधा पूर्ववत होते.

निदान

औषध एकाच वेळी घेतले असल्यास ४ तासांनंतर रक्तातील त्याची पातळी मोजतात. त्याआधीची पातळी दिशाभूल करू शकते. रुमॅक व मॅथ्यू यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखावरून उताऱ्याची गरज ठरवतात. औषध घेतल्याची वेळ अज्ञात असल्यास किंवा ते अनेक तासांत थोडेथोडे घेतले असल्यास हा आलेख लागू पडत नाही.

उपचार

शुद्धीवर असलेला रुग्ण लवकर आल्यास सक्रिय कोळसा देऊन औषधाचे शोषण कमी करता येते. एन-ॲसिटिलसिस्टीन हा मुख्य उतारा होय. तो तोंडावाटे किंवा शिरेवाटे देतात. त्यामुळे ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरून येतो. पहिल्या ८ तासांत दिल्यास यकृताची गंभीर इजा जवळजवळ नेहमी टळते. उशिराही त्याचा उपयोग होतो. यकृत पूर्णतः निकामी झाल्यास प्रत्यारोपणाचा विचार करतात.

घरी घ्यावयाची काळजी

रुग्णाला मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये. औषधाची पाकिटे व बाटल्या सोबत न्याव्यात आणि औषध घेतल्याची अंदाजे वेळ डॉक्टरांना सांगावी. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. अतिमात्रा जाणूनबुजून घेतली असल्यास रुग्णाला दोष न देता शारीरिक उपचारांबरोबर मानसिक आधार द्यावा. भारतात टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

प्रतिबंध

ब्रिटनमध्ये १९९८ पासून एका पाकिटातील गोळ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्यात आली. त्यानंतर या औषधामुळे होणारे मृत्यू घटल्याचे आढळले. घरात औषधे मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत, सिरप बाटलीसोबतच्या मापानेच मोजावे आणि दुसरे औषध घेण्यापूर्वी वेष्टनावरील घटक वाचावेत.