मात्रेचे अक्षरत्व : एका संगणकीय दोषाचा इतिहास

देवनागरीच्या स्वरचिन्हांचा आणि यंत्रांचा झगडा जुना आहे. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व इकाराचे चिन्ह व्यंजनाच्या उजवीकडे लिहावे असे ठरविले. मुद्रण व टंकलेखन यांची सोय हा त्यामागील हेतू होता. पुढे तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्या काळी वाद चिन्हाच्या स्थानाविषयी होता. संगणकाच्या युगात, मात्रा हे अक्षर आहे की नाही, असा अधिक मूलगामी प्रश्न उपस्थित झाला. ‘जँगो’ या मुक्तस्रोत वेब फ्रेमवर्कचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत जँगोचा जन्म झाला आणि जुलै २००५ मध्ये ते सर्वांस खुले करण्यात आले. वृत्तपत्रसृष्टीत बातमीस ओळखीपुरते जे आटोपशीर नाव देतात, त्यास ‘स्लग’ म्हणतात. ही संज्ञा जँगोने उचलली. लेखाच्या शीर्षकापासून संकेतस्थळावरील पत्त्याचा अंश तयार करणारी ‘स्लगिफाय’ नावाची आज्ञा त्यात आहे. ती विरामचिन्हे गाळते आणि शब्दांमध्ये संयोगरेषा घालते.

आरंभी ही आज्ञा केवळ रोमन अक्षरे जाणत असे. मराठी शीर्षक दिल्यास हाती काहीच उरत नसे. डिसेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १.९ या आवृत्तीत इतर लिप्यांनाही मुभा देणारा पर्याय आला. तथापि या पर्यायाने ‘जुळे सोलापूर’ या वसतीच्या नावाचे ‘जळ-सलपर’ होते! ‘मुंबई’चे ‘मबई’ आणि ‘विद्या’चे ‘वदय’ होते. ‘काल’, ‘कला’ व ‘केला’ हे तिन्ही शब्द ‘कल’ या एकाच रूपात विलीन होतात. याउलट ‘आई’ मात्र अभंग राहते. एकच स्वर स्वतंत्र लिहिला तर टिकतो आणि व्यंजनाच्या आश्रयाने लिहिला तर लोप पावतो. मोडीतही इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळला जात नसे, परंतु तेथे स्वरच नाहीसा होत नसे.

या दोषाचे मूळ जँगोत नसून त्यास आधारभूत असलेल्या पायथन भाषेत आहे. मजकुरातील आकृतिबंध शोधण्याच्या पद्धतीत ‘शब्दाचा घटक’ दर्शविणारी एक खूण असते. इंग्रजीपुरता तिचा अर्थ अक्षर, अंक वा अधोरेषा एवढाच होता. युनिकोडाने १९८८ च्या भारतीय इस्की संकेतास अनुसरून देवनागरीची मांडणी केली. तीत मात्रा, अनुस्वार व हलन्त यांस स्वतंत्र संकेतांक मिळाले, पण वर्गीकरणात ती अक्षरे नव्हेत, ‘चिन्हे’ ठरली. चिन्हांचाही शब्दात समावेश करावा, अशी युनिकोडाची स्वतःचीच शिफारस आहे. पायथनने ती अंगीकारली नाही. देवनागरी शब्दांचे तुकडे पडतात, अशी तक्रार पायथनच्या दोषनोंदींत २००७ सालीच दाखल झाली होती. तरीही २०२३ च्या ३.१२ या आवृत्तीत जुनीच व्याख्या कायम राहिली.

मग २०१५ साली हा दोष नजरेतून निसटला कसा? जँगोमध्ये सुधारणेबरोबर तिची चाचणीही जोडावी असा दंडक आहे, आणि तो येथे पाळला गेला होता. त्या चाचण्यांत तुर्की व चिनी शब्द होते; देवनागरी शब्द एकही नव्हता. तुर्की अक्षराखालील वा वरील चिन्ह युनिकोडात मूळ अक्षराशी एकजीव होते आणि चिनी अक्षर स्वयंपूर्ण असते, म्हणून दोन्ही चाचण्या यशस्वी झाल्या. लिपी रोमन नसली की सर्व प्रश्न सारखेच, हे गृहीतच चुकीचे होते. त्याहून मौजेची गोष्ट अशी की, स्लग तपासणारा नियमही त्याच व्याख्येवर उभा असल्यामुळे ‘सोलापूर’ हे शुद्ध रूप अग्राह्य ठरते आणि ‘सलपर’ ग्राह्य!

दुरुस्ती वरवर सोपी दिसते. चिन्हांचा वर्ग अक्षरांत मिळवला की झाले. परंतु मूळ व्याख्या बदलल्यास तिच्यावर विसंबलेल्या असंख्य आज्ञावलींचे वर्तन बदलेल आणि संकेतस्थळांचे जुने पत्तेही मोडतील. म्हणून स्वतःच्या प्रकल्पापुरती वेगळी आज्ञा लिहिणे, हा व्यवहारातील मार्ग ठरतो.

तथापि चाचणी लिहिण्यास असा कोणताही अडसर नाही. स्वतंत्र स्वरासाठी ‘आई’, मात्रांसाठी ‘जुळे सोलापूर’, अनुस्वारासाठी ‘मुंबई’, जोडाक्षरासाठी ‘विद्या’ आणि मराठीच्या खास ‘ऱ्ह’साठी ‘तऱ्हा’ एवढे पाच नमुने लिपीचा बराचसा भाग तपासतात. त्यांची निवड हे प्रोग्रामरइतकेच भाषाभ्यासकाचेही काम आहे. व्याकरणात नमूद असलेले सत्य यंत्रावर आपोआप बंधनकारक होत नाही. ते चाचणीत उतरले म्हणजेच होते.