उपनगरात रस्ते सरळ कुठे आणि वाकडे कुठे

खारमध्ये लोक आजही ‘सोळावा रस्ता’ असा पत्ता सांगतात. मुलुंड पश्चिमेला पाचरस्त्यावरून कुठेही वळा, पुढचा रस्ता सरळ जातो. पण अंधेरी पूर्वेला साकीनाक्याच्या आसपास रिक्षावाल्याला एखादी गल्ली सांगा, तो आधी विचारतो, "पुढून निघते का?" हा फरक नशिबाचा नाही. जमीन कोणी मोजली, कशासाठी मोजली आणि तिचे तुकडे पाडताना शेजाऱ्याचा विचार झाला की नाही, त्यातून तो आला आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून शब्दांपासून सुरुवात करतो. वर्गात कधीतरी मुलांना सातबारा वाचायला देतो. मौजे, तालुका, जिल्हा, हिस्सा, कब्जा, हद्द, नक्कल, नकाशा. हे सगळे शब्द उर्दू माध्यमातल्या मुलांना घरचे वाटतात आणि मराठी माध्यमातल्या मुलांनाही. कोणाचे शब्द, यावर वाद घालायला सातबाऱ्यावर जागाच नाही. मोजणीची परंपराही अशीच मिसळलेली. अकबराच्या काळात दोराची जरीब भिजली की आखडायची आणि शेतकऱ्याचं नुकसान व्हायचं, म्हणून बांबूच्या काठ्या लोखंडी कड्यांनी जोडून नवी जरीब केली. दख्खनमध्ये मलिक अंबरने जमिनीची पाहणी करून सारा ठरवला, शिवाजी महाराजांच्या काळात काठीने मोजणी झाली. इंग्रजांच्या अमलात १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची सर्व्हे पद्धत सुरू झाली आणि हळूहळू साऱ्या मुंबई इलाख्यात पोचली.

या सर्व्हेची साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. आज कोट्यवधींचे सौदे होतात तो गुंठा म्हणजे त्या साखळीचा चौरस आहे.

पण ही मोजणी शेतसाऱ्यासाठी होती. भातखाचराचा बांध जिथे, तिथे सर्व्हे नंबरची रेघ. बांध पाण्याच्या उताराप्रमाणे वाकडा, तर रेघही वाकडी. भात पिकवायला त्याने काही बिघडत नव्हतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, लोक मोकळ्या हवेसाठी साष्टीकडे पाहू लागले, आणि खाचरांवर बंगले उठायची वेळ आली तेव्हा अडचण समजली.

ती उदाहरणानेच सांगतो. समजा, एकाची पट्टी ३३ फूट रुंद आणि ३९६ फूट लांब आहे, म्हणजे १२ गुंठे. दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट मोकळे सोडले तर बांधायला १३ फूट रुंदी उरते. त्यात घर काय, धड वखारही बसणार नाही. शेजारच्या दहा पट्ट्यांचीही तीच गत, आणि आतल्या पट्टीला रस्ताच नाही. आता या सगळ्या पट्ट्या कागदावर एकत्र करा, रस्ते आणि मैदान यांसाठी प्रत्येकाकडून चौथा हिस्सा काढा आणि उरलेली जमीन नव्याने आखून परत द्या. १२ गुंठेवाल्याच्या हाती ९ गुंठे आले, पण ९९ फूट बाय ९९ फुटांचा चौकोन, समोर रस्ता. जमीन घटली, किंमत वाढली. गेली तर सगळ्यांची थोडी थोडी गेली, एकट्याची नाही.

हीच नगररचना योजना, आपल्या बोलण्यातली ‘टी.पी. स्कीम’. कल्पना जर्मनीची, फ्रँकफुर्टचे महापौर आडिकेस यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १९०२ चा. मुंबई सरकारचे सल्लागार सर्व्हेअर ए. ई. मिराम्स यांनी ती इथे आणण्यासाठी खटपट केली, आणि १९१५ मध्ये मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा झाला, हिंदुस्थानातला पहिला. मूळ भूखंड घ्यायचा, अंतिम भूखंड द्यायचा, तंट्यासाठी लवाद, किंमत जितकी वाढली तिच्यातला अर्ध्यापर्यंतचा वाटा योजनेच्या खर्चाला. वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर या भागांत अशा योजना झाल्या. मुलुंडची गोष्ट थोडी वेगळी. तिथली आखणी झवेरभाई रामजी शेठ यांनी १९२२ मध्ये क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांकडून करून घेतली असं सांगतात. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि या भूखंडांना गिऱ्हाईक आलं.

या पद्धतीची एक बाजू मला खटकते. भूखंड मिळाला तो मालकाला. त्याच खाचरात राबणारं कूळ किंवा कडेला झोपडी बांधून राहिलेला मजूर यांच्यासाठी त्या नकाशात चौकोन नव्हता. तरीही शेजाऱ्यांनी मिळून रस्त्याची जमीन सोसायची, ही त्यातली बुद्धी मोलाची होती. आपण ती सोडून दिली. १९५४ चा कायदा आला, मग १९६६ चा. बृहन्मुंबईची पहिली विकास योजना १९६७ मध्ये मंजूर झाली आणि भर गेला आरक्षणावर व संपादनावर. जमिनीचे तुकडे ज्याचे त्याने पाडायचे. बिल्डर आपल्या सर्व्हे नंबरात ले-आउट करतो, आतला रस्ता ठेवतो, बागही ठेवतो. १९९१ च्या नियमांत ती बाग ले-आउटच्या आकाराप्रमाणे १५, २० किंवा २५ टक्के होती. पण रस्ता त्याच्या हद्दीवर संपतो, पुढे शेजाऱ्याची भिंत. बाग फाटकाच्या आत. अशा दहा ले-आउटची मिळून एक वस्ती होते, आणि रिक्षावाला विचारतो, "पुढून निघते का?"

जुन्या इमारतींचा पुनर्विकास निघाला की हा इतिहास सोसायटीच्या सभेत येऊन बसतो. एकाच जमिनीला जुना सर्व्हे नंबर, सिटी सर्व्हे नंबर आणि योजनेच्या भागात अंतिम भूखंड क्रमांक असे तीन आकडे असतात. बिल्डरने ले-आउटची पोटविभागणी कागदोपत्री केलेलीच नसते, चार इमारतींची मिळून एकच मिळकत पत्रिका. मानीव अभिहस्तांतरणाची वाट २००८ पासून खुली आहे, पण आपल्या वाट्याला नेमके किती चौरस मीटर, याचं उत्तर अर्जातून मिळत नाही, मोजणीतून मिळतं. कमिटीतल्या मंडळींना माझं सांगणं आहे की, बिल्डरचं रंगीत पुस्तक उघडण्याआधी मिळकत पत्रिकेची नक्कल आणि मोजणीचा नकाशा शेजारी शेजारी ठेवा.

गुजरातने १९१५ चाच धागा पुढे नेला, १९७६ चा आपला कायदा केला, आणि अहमदाबाद योजनेमागून योजना करत वाढलं. महाराष्ट्रात ही पद्धत अलीकडे परत आली आहे ती पनवेलजवळच्या ‘नैना’ क्षेत्रात. तिथे शेतकऱ्याला परत मिळणारा विकसित भूखंड मूळ जमिनीच्या सुमारे ४० टक्के आहे, आणि या वाट्यावरूनच तिथली गावं भांडत आहेत.