मोटारीच्या रंगावरील बारीक ओरखडे : घरगुती उपाय

मोटारीच्या रंगाच्या सर्वांत वरच्या पारदर्शक थरात पडलेले उथळ चरे घासून नाहीसे करण्याची कृती. गॅरेजमध्ये हिला ‘रबिंग’ किंवा ‘रबिंग-पॉलिश’ म्हणतात. या कृतीत चरा भरून निघत नाही. त्याच्या आजूबाजूचा थर अत्यंत बारीक अपघर्षकाने झिजवून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. म्हणजे प्रत्येक रबिंगला गाडीच्या अंगावरचा थोडा रंग खर्ची पडतो. हे ध्यानात ठेवले, तर पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुटतात.

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक लेप, प्रायमर, रंगाचा थर आणि त्यावर क्लिअर कोट असा क्रम असतो. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरते. त्यात क्लिअर कोटचा वाटा सुमारे ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. चकाकी याच थराची, आणि खालच्या रंगाला उन्हापासून जपणारी द्रव्येही यातच. तो फार झिजला, तर काही वर्षांनी टपावर आणि बॉनेटवर पांढुरके पापुद्रे सुटू लागतात. मग पुन्हा रंग देण्यावाचून इलाज नसतो. जुन्या अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांना असा वेगळा पारदर्शक थर नसे. त्यांना पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागतो. आजच्या गाडीवर फडके रंगू लागले, तर बहुधा क्लिअर कोट संपला आहे, तेव्हा हात तिथेच थांबवावा.

गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेने परततो. चऱ्याच्या कडांवर मात्र तो विखुरतो आणि तिथे पांढरी रेघ दिसते. काळ्या गाडीवर ही रेघ उठून दिसते, तर पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर ती सहज लपते. भर उन्हात बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. ती पाहून कोणी गोल हात फिरवून गाडी पुसली, असा ग्रह होतो. प्रत्यक्षात चरे वाटेल त्या दिशांना पसरलेले असतात. त्यांतले प्रकाशाला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून त्यांचे वर्तुळ भासते. आपण दोन पावले सरकलो की जाळेही आपल्याबरोबर सरकते.

हे जाळे अपघातापेक्षा स्वच्छतेच्या हौसेतून जास्त तयार होते. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात. मोहस् मापनश्रेणीवर क्वार्ट्‌झची कठिनता ७ असल्याने त्यापुढे रंगाचा टिकाव लागत नाही. गाडीवर कोरडे फडके मारणे, सोसायटीत एकाच बादलीतल्या पाण्याने ओळीने गाड्या पुसणे, धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर घालून ते वाऱ्यावर फडफडू देणे, ही त्याची नेहमीची कारणे. दसऱ्याला बॉनेटवर बांधलेला झेंडूचा हार गाडी धावताना दिवसभर घासत राहतो. पूजा झाली की तो उतरवलेला बरा.

चरा घरी निघण्याजोगा आहे की नाही, हे नखाने कळते. चऱ्यावरून नख आडवे फिरवावे. ते न अडखळता सरकले, तर पॉलिशने काम भागेल. अडकले, तर चरा घासण्यापलीकडे खोल गेला आहे. प्रायमरचा राखाडी रंग किंवा पत्रा दिसत असेल, तर रबिंगचा विचारच सोडावा. दुसऱ्या गाडीचा रंग चोपडला जाऊन दिसणारी पट्टी मात्र बऱ्याचदा खरा ओरखडा नसतेच, ती थोड्या पॉलिशने निघते.

कामाला सावली आणि गार पत्रा लागतो. तापलेल्या बॉनेटवर पॉलिश घासण्याआधीच वाळते, म्हणून उन्हाळ्यात सकाळची वेळ गाठावी. आधी गाडी भरपूर पाण्याने आणि कार शॅम्पूने धुवावी. शॅम्पूची एक आणि फडके खळबळायची दुसरी, अशा दोन बादल्या असाव्यात. धुतल्यावरही हाताला खरखर लागली, तर पाणी शिंपडून क्ले बार हलक्या हाताने फिरवतात; रंगात रुतलेले कण त्याला चिकटून येतात. मातीत पडलेला क्ले टाकून द्यावा. रबर, काळे प्लास्टिक आणि सांध्यांवर मास्किंग टेप लावावी, कारण काळ्या प्लास्टिकवर वाळलेले पॉलिश पांढरे डाग सोडते आणि ते चिवट असतात.

सुरुवात सर्वांत सौम्य पॉलिशपासून करावी आणि भागले नाही, तरच अधिक झिजवणाऱ्या कंपाउंडकडे वळावे. घरोघरी नेमके उलटे होते. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके घ्यावेत आणि साधारण दीड फूट लांबी-रुंदीच्या भागावर आधी उभे, मग आडवे, एकमेकांवर चढणारे हात मारावेत. दाब बोटांच्या टोकांनी न देता तळव्याने सारखा द्यावा. सुरुवातीला दुधट दिसणारा लेप पातळ होत पारदर्शक होऊ लागला की थांबून मायक्रोफायबर कापडाने पुसावे आणि तिरप्या टॉर्चच्या उजेडात पाहावे. अनेक पॉलिशमध्ये तेलकट द्रव्ये असतात. ती चऱ्यात बसून तो गेल्याचा आभास निर्माण करतात आणि दोन-तीन धुण्यांत तो पुन्हा डोके वर काढतो. पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकदा पुसल्यास खरी स्थिती उघड होते. बॉनेटच्या कडा आणि दारावरच्या उठावाच्या रेषा यांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, तिथे हात जपून चालवावा.

यंत्र वापरायचेच, तर फिरता फिरता डोलणारे ड्युअल ॲक्शन पॉलिशर नवख्याला त्यातल्या त्यात सुरक्षित. एकाच अक्षावर वेगाने फिरणारे रोटरी यंत्र एका जागी रेंगाळले, तर रंग तापवून जाळते. २००० किंवा ३००० नंबरच्या पाणीपेपरने ओले घासणे हे कसबी कारागिराचे काम आहे. पेपर मारल्यावर येणारा मंदपणा घालवायला पुन्हा कंपाउंड लागतेच, आणि एकाच चऱ्यापायी थर दोनदा खर्ची पडतो.

टूथपेस्टमध्ये सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची पूड असल्याने एखादी हलकी रेघ तिने पुसट होते. पण ती पूड दातांसाठी केलेली असते, त्यामुळे चकाकीची खात्री नाही. खोबरेल किंवा गंजनाशक तेल फक्त चरा ओला ठेवून लपवते. भांड्यांची घासणी मात्र गाडीजवळ आणूच नये.

रबिंगनंतर पृष्ठभाग उघडा पडतो. त्यावर कार्नोबा मेण किंवा कृत्रिम सीलंट लावतात. हे मेण ब्राझीलमधल्या एका पामवृक्षाच्या पानांवरून मिळते. मेण काही आठवडे टिकते, सीलंट त्याहून जास्त. खोल चऱ्यासाठी गाडीच्या रंगसंकेताचा टचअप रंग मिळतो. हा संकेत बहुधा दाराच्या खांबावरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर छापलेला असतो. ब्रशच्या टोकाने ठिपक्या-ठिपक्यांनी भरलेली ही जागा जवळून ओळखू येतेच, पण गंज थांबतो.

निसान कंपनीने २००५ मध्ये बारीक चरे उष्णतेने आपोआप भरून येणारा क्लिअर कोट जाहीर केला. असे लवचिक लेप काही गाड्यांवर आणि चिकटवायच्या पारदर्शक फिल्ममध्ये आढळतात. त्यांना गरम पाणी किंवा ऊन पुरते. मॅट रंगाच्या गाडीवर वरील कोणतीही कृती चालत नाही. तिचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवलेला असतो आणि घासलेल्या जागी कायमचा चकचकीत डाग पडतो.